घड्याळ जलद की कोठी मोठी?

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा. दिवाळी नुकतीच संपली आहे. मेहकर किंवा चिखलीच्या आसपासच्या तुमच्या गावात सोयाबीन विकून घरात चार पैसे आले आहेत. त्यांतले काही उधारी फेडण्यात गेले, काही रब्बीच्या बियाण्याला लागले. उरलेल्या पैशांतून बाबांनी कबूल केले आहे, "यंदा संगणक घेऊ." ताईला त्यावर चित्रफिती जुळवायच्या आहेत आणि त्रिमितीय चित्रे काढायची आहेत. आणि तुम्हाला? खरे सांगा बरे, तुम्हाला खेळ खेळायचे आहेत! बाबांची अट मात्र एकच आहे. पैसा वाया जाता कामा नये.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो प्रोसेसरचा. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. सगळी आकडेमोड तोच करतो. समजा, दुकानदाराने तुमच्यापुढे दोन प्रोसेसर ठेवले. कोणता निवडाल?

एकाच साच्यातले दोघे भाऊ

आपण दोन खरोखरीचे प्रोसेसर घेऊ. एएमडी या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये 'रायझेन ७ ५८००एक्स' हा प्रोसेसर विक्रीस आणला आणि एप्रिल २०२२ मध्ये 'रायझेन ७ ५८००एक्स३डी' आणला. त्यानंतर अनेक नवे प्रोसेसर निघाले आहेत. तरीही शिकण्यासाठी ही जोडी फार सोयीची आहे. कारण दोघांची अंतर्गत रचना एकच, दोघांतही ८ गाभे, म्हणजे एकाच वेळी काम करणारे ८ कामगार, आणि बाजारात येताना दोघांची किंमतही सारखीच होती : ४४९ डॉलर.

फरक दोनच गोष्टींत होता. पहिल्याचे घड्याळ जास्तीत जास्त ४.७ गिगाहर्ट्झ वेगाने चाले, तर दुसऱ्याचे ४.५. म्हणजे पहिल्याच्या घड्याळाचे सेकंदाला ४७० कोटी ठोके आणि दुसऱ्याचे ४५० कोटी. दुसरा फरक 'कॅश'चा. हा कॅश म्हणजे रोख पैसा नव्हे! प्रोसेसरच्या अगदी शेजारी असलेल्या छोट्याशा स्मृतीला कॅश म्हणतात. आपण तिला 'कोठी' म्हणू. पहिल्याची मोठी कोठी ३२ मेगाबाइटची, तर दुसऱ्याची ९६ मेगाबाइटची, म्हणजे तिप्पट.

आता सांगा, खेळांसाठी कोणता चांगला ठरला असेल? बहुतेक जण म्हणतील, "ज्याचे घड्याळ जलद तो." पण गंमत अशी की, बऱ्याच खेळांत मंद घड्याळाचा दुसरा प्रोसेसरच पुढे गेला! आणि त्रिमितीय चित्रे रंगवण्याच्या कामात तोच थोडासा मागे पडला. असे का व्हावे?

खामगावचा फाटा

उत्तर शोधायला फार दूर जायला नको. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची जुनी आणि मोठी बाजारपेठ. मुंबईहून नागपूरकडे जाणारी लोहमार्गाची मुख्य वाट खामगावला न येता जलंबवरून गेली. आगगाडी कितीही वेगवान असली तरी कापूस तिच्यापर्यंत बैलगाडीने पोचणार! म्हणून १८७० साली जलंब ते खामगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. इंजिनाचा वेग वाढवून जे साधले नसते, ते माल रुळाजवळ आणून साधले.

आता जिनिंगच्या कारखान्यात या. सरकी वेगळी करणारे यंत्र मिनिटाला कितीही कापूस ओढू शकेल. पण अंगणात कापसाचा ढीगच नसेल आणि पुढची गाडी अजून वाटेत असेल, तर ते यंत्र रिकामेच फिरेल. अशा वेळी आणखी वेगवान यंत्र आणून काय उपयोग? अंगण मोठे हवे!

प्रोसेसरचेही अगदी असेच आहे. ४.५ गिगाहर्ट्झच्या घड्याळाचा एक ठोका ०.२२ नॅनोसेकंदात पडतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या बोटाएवढेच अंतर जातो. त्यामुळे लागणारी माहिती जवळ असणे किती महत्त्वाचे आहे, ते ध्यानात येईल.

एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानू. मग हाताशी असलेल्या सर्वांत लहान कोठीतून माहिती मिळायला ४ सेकंद लागतील. दुसऱ्या कोठीतून सुमारे १२ सेकंद. ज्या मोठ्या कोठीबद्दल आपण बोलत आहोत, तिच्यातून सुमारे पाऊण मिनिट. आणि तेथेही माहिती नसेल, तर मुख्य स्मृतीपर्यंत, म्हणजे ज्याला दुकानदार 'रॅम' म्हणतो तेथपर्यंत, जाऊन यायला पाच मिनिटांहून अधिक! तेवढा वेळ बिचारा प्रोसेसर पुष्कळदा वाट पाहत बसतो.

हिशेब करून पाहू

वही-पेन्सिल घ्या. मोठ्या कोठीतून माहिती मिळायला पहिल्या प्रोसेसरला सुमारे १० नॅनोसेकंद लागतात असे धरू. दुसऱ्याची कोठी मोठी, म्हणून शोधायला थोडा जास्त वेळ, ११ नॅनोसेकंद. मुख्य स्मृतीसाठी दोघांनाही ७० नॅनोसेकंद.

समजा, एखाद्या खेळात १०० वेळा माहिती लागली. पहिल्याच्या कोठीत त्यांतली ६० वेळा सापडली आणि ४० वेळा मुख्य स्मृतीकडे जावे लागले. लागलेला वेळ :
६० × १० + ४० × ७० = ३४०० नॅनोसेकंद.

दुसऱ्याची कोठी मोठी असल्यामुळे ८० वेळा सापडली, २० वेळा बाहेर जावे लागले. लागलेला वेळ :
८० × ११ + २० × ७० = २२८० नॅनोसेकंद.

वाट पाहण्याचा वेळ एकतृतीयांशाने घटला! उलट, ४.७ आणि ४.५ या घड्याळांमधला फरक अवघा ४ टक्क्यांचा. येथे ६० आणि ८० हे आकडे आपण उदाहरणासाठी घेतले आहेत. शिवाय प्रत्यक्ष खेळात सगळाच वेळ वाट पाहण्यात जात नाही, म्हणून खरा फायदा याहून कमी असतो आणि तो खेळागणिक बदलतो. पण कारण मात्र हेच.

मग ताईचे चित्र का मागे पडले?

समजा, ताईला विज्ञान प्रदर्शनासाठी लोणारच्या विवराचे त्रिमितीय चित्र तयार करायचे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, मधले सरोवर, काठावरची झाडी. संगणक या चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि आठ कामगारांना एकेक चौकोन वाटून देतो. अशा कामात बरीचशी माहिती त्याच्या जवळच्या लहान कोठ्यांत मावते. शिवाय काम एका ठरावीक ओळीत चालते, म्हणून पुढे काय लागणार ते प्रोसेसर आधीच ओळखून मागवून ठेवतो. वाट पाहणे फारसे उरत नाही. अशा वेळी मोठ्या कोठीचा फायदा थोडा आणि जलद घड्याळाचा जास्त.

खेळाचे तसे नाही. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्राचा हिशेब १६.७ मिलिसेकंदांत उरकायला हवा. चेंडू कोठे गेला, कोणता खेळाडू धावला, तुम्ही कोणती कळ दाबली, यांवर पुढचे सारे अवलंबून. कोणती माहिती केव्हा लागेल याचा नेम नाही. म्हणून तेथे कोठी मोठी असलेली बरी.

तुम्ही विचाराल, मोठी कोठीही द्यावी आणि घड्याळही जलद ठेवावे, त्यात काय अडले? अडते ते उष्णतेपाशी. कोठी वाढवायला जागा हवी. ती आडवी मिळेना, म्हणून एएमडीने ६४ मेगाबाइटची जादा चकती मूळ चकतीच्या वर बसवली, जणू घरावर माळाच चढवला! दोन्ही मजले तांब्याच्या अतिसूक्ष्म खांबांनी जोडलेले असतात. पण आता खालच्या चुलीची उष्णता माळ्यातून वाट काढत बाहेर जाणार. शिवाय अशा दुमजली चकतीला विजेचा दाब फार वाढवून चालत नाही. म्हणून घड्याळ थोडे मंद ठेवावे लागले. विज्ञानात फुकट असे काही मिळत नाही, ते असे.

स्वस्ताची निवडही शहाणपणाची

अशी निवड पूर्वीही झाली आहे. इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ आणि १९७९ साली ८०८८ असे दोन प्रोसेसर काढले. आतून ते जवळजवळ सारखे. पण ८०८६ चे दार १६ बिट रुंद, ८०८८ चे ८ बिट. साहजिकच ८०८८ ला माहिती आत घ्यायला वेळ लागे. तरीही आयबीएमने १९८१ मध्ये आपला प्रसिद्ध वैयक्तिक संगणक काढला तो ८०८८ वर! कारण ८ बिटांचे जोडभाग स्वस्त होते व सहज मिळत होते. एकटा प्रोसेसर किती धावतो यापेक्षा संपूर्ण यंत्र केवढ्याला पडते, हा विचार त्यांनी केला.

आता बाबांच्या पैशांकडे वळू. एप्रिल २०२२ मध्येच एएमडीचा 'रायझेन ५ ५६००' हा ६ गाभ्यांचा प्रोसेसर १९९ डॉलरना निघाला. म्हणजे आपल्या दोन भावांपेक्षा २५० डॉलर कमी. त्याच्यासोबत थंड करणारा पंखाही डब्यातच मिळे. त्या दोघांसाठी पंखा वेगळा विकत घ्यावा लागे.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या तिन्ही प्रोसेसरांत पडद्यावर चित्र उमटवणारा भागच नाही! त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. हे आधी विचारले नाही, तर घरी आणलेल्या संगणकाचा पडदा काळाच राहील. ज्यात हा भाग आत असतो असे प्रोसेसरही मिळतात. अभ्यास आणि लेखन एवढेच काम असेल, तर तसाच घेतलेला बरा. आणि खेळच खेळायचे असतील, तर वाचलेले पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डात घालणे पुष्कळदा अधिक फायद्याचे. कारण चित्र फार मोठे व बारकाव्याचे असले की कार्डालाच वेळ पुरत नाही. मग आपल्या दोघा भावांमधला फरकही जवळजवळ नाहीसा होतो.

आपल्या वऱ्हाडातला उन्हाळाही हिशेबात धरा. या प्रोसेसरांची तापमानाची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस. खोलीत २५ अंश असतील, तर फरक ६५ अंशांचा. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात दुपारी खोलीत ४२ अंश झाले, तर फरक ४८ अंशांचाच उरतो. उष्णता तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात वाहते. म्हणजे तोच पंखा आता जवळजवळ तीनचतुर्थांश उष्णताच बाहेर टाकू शकेल! मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तेव्हा खोकी हवेशीर ठेवणे आणि पंख्यावरची धूळ झाडणे, हाही वेग वाढवण्याचाच एक उपाय आहे.

करून पाहा

वर्गातच एक प्रयोग करा. ४० चिठ्ठ्यांवर दोन-दोन आकडी संख्यांच्या बेरजा लिहा आणि त्यांच्या २०-२० च्या दोन गड्ड्या करून व्हरांड्यात ठेवा. वर्गातला सर्वांत जलद बेरीज करणारा मित्र निवडा. त्याने आपल्या गड्डीतून एका वेळी एकच चिठ्ठी आणायची, जागेवर बसून ती सोडवायची, मग पुढची आणायची. दुसऱ्या एखाद्या मित्राने आपल्या २० चिठ्ठ्या एकदम आणून बाकावर ठेवायच्या. दोघांचा वेळ घड्याळ लावून मोजा. मग चिठ्ठ्या पहिल्याच्याही बाकावर ठेवून पुन्हा मोजा. आता कोण जिंकतो?

या प्रयोगातून एक गोष्ट तुम्हाला पटेल. "कोणता प्रोसेसर चांगला?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणत्या कामासाठी, किती पैशांत आणि सोबत काय काय घेऊन?" असे विचारले म्हणजे तो पुरा होतो. घरी ताईसोबत बसून आधी कामांची यादी करा. त्यात कोणते काम रोजचे आणि कोणते कधीमधीचे, ते लिहा. ती यादी घेऊनच दुकानाची पायरी चढा.

आणि हो, शाळेच्या संगणकावर विंडोज असेल, तर त्यातील टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचे पान पाहा. तेथे गाभे किती, घड्याळाचा वेग किती आणि तिन्ही कोठ्या केवढ्या, हे लिहिलेले असते. गुरुजींच्या मदतीने ते आकडे वहीत टिपा आणि मित्राच्या शाळेतील आकड्यांशी ताडून पाहा. मोठा आकडा दिसला की लगेच हुरळून मात्र जाऊ नका. तो आकडा कशाचा आहे, ते आधी विचारा!