पुसापुशीचा दिवस

सकाळी 10. शटर वर गेलं की आधी कॉम्प्युटर, मग उदबत्ती. तालुक्याच्या बाजारपेठेतला स्टुडिओ. प्रवेशाचे फॉर्म सुटले की पासपोर्ट फोटोंची रांग दारापर्यंत येते. 4 बाय 6 इंचाच्या कागदावर 35 बाय 45 मिलिमीटरचे 8 फोटो बसतात.

11. फोटोशॉपचा मॅजिक इरेझर. एक क्लिक केली की त्या रंगाच्या जवळपासचं सगळं गायब. पांढरा शर्ट, मागे पांढरट भिंत असेल तर भिंतीबरोबर कॉलरही जाते. टॉलरन्स मुळात 32 असतो, तो 10 वर आणला तर सावलीचे डाग उरतात. म्हणून पोराला सरळ निळ्या पडद्यापुढे बसवतो. निम्मं पुसणं कॅमेऱ्यातच होतं, हे शिकवणीचे व्हिडिओ सांगत नाहीत.

मदतनीस मुलगा साधा इरेझर घेऊन ओरडतो, "दादा, पुसतोय तर काळं होतंय!" लेअरच्या पारदर्शकतेला कुलूप आहे आणि बॅकग्राउंड कलर काळा. अशा लेअरवर इरेझर पुसत नाही, तो बॅकग्राउंड कलर फासतो.

12. मोकळ्या केसांची मुलगी. इथे बॅकग्राउंड इरेझर. वर्तुळाच्या मध्यावरचं अधिकचं चिन्ह ज्या रंगावर असेल, तेवढाच रंग जातो. म्हणून चिन्ह भिंतीवर ठेवायचं, वर्तुळ खुशाल केसांवर जाऊ दे. हात स्थिर हवा. चहा नंतर.

3. एक काकू आणि सूनबाई. अण्णांचं वर्षश्राद्ध आहे, पण एकट्याचा फोटो नाही. नातवाच्या लग्नातला ग्रुप फोटो आणलाय. तुऱ्याचा फेटा, खांद्यावर कुणाचा तरी हात.

"तो हात पुसा हो."

पुसला तर तिथे भोक पडेल. हातामागचा कोट कॅमेऱ्याने पाहिलेलाच नाही. इरेझर काढतो, खालचं काही दाखवत नाही. दुसऱ्या खांद्यावरचा कोट क्लोन स्टॅम्पने उचलून आणावा लागतो, तोही वेगळ्या लेअरवर. आजूबाजूची माणसं बाजूला केली, आणि काकू म्हणाल्या, "तुराही काढा, हाराखाली बरा नाही दिसत."

या कामाला मी इरेझरला हात लावत नाही. लेअर मास्क घेतो: काळ्या ब्रशने झाकायचं, पांढऱ्याने परत आणायचं. घरच्यांचं मत बदलणार, हे धंद्यात गृहीतच धरायचं.

5. वाढदिवसाचा फ्लेक्स, 10 बाय 8 फूट. गेल्या वर्षीच्या फाइलमधले उजवीकडचे साहेब यंदा नकोत. पुसायची गरज नाही, लेअरचा डोळा बंद केला. मॉस्को कालव्यावरच्या फोटोतून स्टालिनशेजारचा, पुढे मर्जीतून उतरलेला अधिकारी येझोव्ह काढायला तिथल्या कारागिरांना हाताने रंगकाम करावं लागलं होतं; आमचं काम एका क्लिकचं. फाइल डिलीट करत नाही. निवडणुकीपर्यंत साहेब परत येऊ शकतात.

7. अण्णांचे थोरले चिरंजीव दुकानात. "तुरा कुणी काढायला सांगितला? अण्णांचा तोरा होता तो!" एक्स दाबून पांढरा रंग वर घेतला, ब्रश फिरवला, तुरा जागेवर. इरेझर वापरला असता आणि फाइल बंद केली असती, तर मागे जायला वाट नव्हती. हिस्टरी फाइलबरोबरच संपते.

8:30. पीएसडी वेगळी ठेवली, फ्रेमवाल्याला जेपीजी. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, पुसलेली जागा पांढरी होते. फ्रेमला तेवढं चालतं.

आणि एक विनंती: जुना फोटो आम्हाला पाठवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो, केसांच्या कडा विरघळतात, आणि मग कुठलाही इरेझर घ्या, कटिंग नीट येत नाही.