लेकीला जहाजावर पाठवण्याआधी

मागच्या बैठकीत एका ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. हॉटेलचं काम शिकलेल्या लेकीला सुपरयॉटवर, म्हणजे श्रीमंतांच्या आलिशान जहाजावर, नोकरी लावून देतो म्हणून एजंटनं दोन लाख मागितले होते. धानाची बांधी गहाण ठेवायचीही तयारी होती.

आम्ही चौकशी केली. अशी नोकरी खरंच असते. खोल्या आवरणं, स्वयंपाक, पाहुण्यांना वाढणं, डेक धुणं, ही कामं मुलीही करतात. त्यासाठी पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी म्हणजे खलाशाची सरकारी पुस्तिका, आणि एसटीसीडब्ल्यू हे सुरक्षा प्रशिक्षण लागतं. त्यात समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार शिकवतात. हा खर्च आपला.

पण नोकरी लावून देण्याचे पैसे? ते उमेदवाराकडून घ्यायला सरकारी नियमानं मनाई आहे. एजन्सीकडे मुंबईच्या डीजी शिपिंग कार्यालयाचा आरपीएसएल परवाना हवा. परवानाधारकांची आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची नावं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. आधी तिथं नाव शोधा, पगार आणि मुदत लिहिलेला करार वाचा, मगच सही करा.

ताईंना आम्ही कर्ज दिलं, पण फक्त प्रशिक्षणापुरतं. बांधी घरातच राहिली.