हंगामी सरकारचे आठ महिने : पेट्रोग्राड, १९१७

झारशाही कोसळल्यावर २ मार्च १९१७ रोजी रशियात जे हंगामी सरकार आले, ते जेमतेम आठ महिने टिकले. तेवढ्यात चार मंत्रिमंडळे आणि दोन पंतप्रधान झाले. शिवाय एक फसलेली लष्करी चढाई झाली, राजधानीत एक अर्धवट उठाव झाला आणि सरसेनापतीचे बंड झाले. शेवटच्या उठावात मंत्र्यांना अटक झाली, तेव्हा त्यांच्या बचावासाठी काही लष्करी कॅडेट आणि महिला पलटणीची एक तुकडी एवढेच उरले होते. या सरकारला उलथवणाऱ्या बोल्शेविकांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने सरकार मुळात उभे कशावर होते, याची चौकशी कमीच झाली. (रशियाचे पंचांग तेव्हा युरोपच्या तेरा दिवस मागे होते. पुढील तारखा त्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत.)

झारशाही उलथवणारा उठाव कोणी आखलेला नव्हता. महायुद्धाचे तिसरे वर्ष चालू होते, रेल्वे लष्करासाठी जुंपलेली होती आणि राजधानी पेट्रोग्राडमध्ये पावासाठी पहाटेपासून रांगा लागत. २३ फेब्रुवारीला, म्हणजे महिला दिनी, वायबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतील बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. दोन-तीन दिवसांत संप शहरभर पसरला. २६ तारखेला सैन्याने गोळीबार केला, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी व्होलिन्स्की पलटणीने हुकूम मानायला नकार दिला आणि एकेक पलटण तिच्या मागे गेली. २ मार्चला निकोलस दुसरा याने प्स्कोव्ह इथे सिंहासन सोडले. ते त्याने भाऊ मिखाईलच्या स्वाधीन केले होते. पण मिखाईलने दुसऱ्या दिवशी सांगितले, की लोकांनी निवडलेल्या संविधान सभेने दिले तरच मी ते घेईन. तीनशे वर्षांची रोमानोव्ह राजवट अशी आठवडाभरात संपली.

सत्ता पडली ती एका इमारतीत, पण दोन गटांच्या हाती. तावरीचेस्की राजवाड्यात ड्यूमा म्हणजे झारच्या काळातील मर्यादित अधिकारांची संसद भरत असे. २७ फेब्रुवारीलाच राजवाड्याच्या एका बाजूला ड्यूमातील पुढाऱ्यांची समिती बसली आणि दुसऱ्या बाजूला कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींची सोव्हिएत. समितीतून हंगामी सरकार निघाले. जमीनदार घराण्यातला सुस्वभावी प्रिन्स ल्वोव पंतप्रधान झाला. इतिहासाचा प्राध्यापक मिल्युकोव परराष्ट्रमंत्री आणि मॉस्कोचा उद्योगपती गुच्कोव युद्धमंत्री झाला. सोव्हिएतमधल्या समाजवादी पुढाऱ्यांना सरकारात यायचे नव्हते. ही मध्यमवर्गाची क्रांती आहे, तेव्हा राज्य त्यांनी करावे आणि आपण लक्ष ठेवावे, असा त्यांचा पोथीनिष्ठ हिशेब होता. दोन्हींकडे पाय असलेला माणूस एकच. पस्तीस वर्षांचा वकील अलेक्सांद्र केरेन्स्की सरकारात न्यायमंत्री होता आणि सोव्हिएतचा उपाध्यक्षही. तो एका दालनातून दुसऱ्या दालनात धावत असे.

या व्यवस्थेत खरी ताकद कोणाकडे होती, हे १ मार्चच्या रात्रीच दिसले. सोव्हिएतच्या कार्यालयात सोकोलोव नावाचा वकील टेबलाशी बसला, भोवती सैनिकांचे कोंडाळे जमले आणि ते सांगत गेले तसतसे तो लिहीत गेला. त्यातून ‘हुकूम क्रमांक १’ तयार झाला. प्रत्येक तुकडीने आपली समिती निवडावी, शस्त्रे समितीच्या ताब्यात राहावीत, ड्यूमाचे लष्करी आदेश सोव्हिएतच्या विरोधात नसतील तरच पाळावेत, अशी कलमे त्यात होती. अधिकाऱ्यांना ‘महामहिम’ म्हणण्याची सक्ती संपली आणि अधिकाऱ्यांनी शिपायांना अरेतुरे करायला बंदी झाली. हे शेवटचे कलम किरकोळ वाटते. ज्याने आयुष्यभर अरेतुरे ऐकून घेतले त्याला ते तसे वाटले नसावे. हुकूम होता फक्त पेट्रोग्राडच्या छावणीसाठी, पण तो बघता बघता सगळ्या आघाडीवर पोचला. आठवडाभराने खुद्द युद्धमंत्री गुच्कोवने सेनापती अलेक्सेयेव याला कळवले, की सरकारकडे प्रत्यक्ष सत्ता काहीच नाही. सैन्य, रेल्वे, टपाल आणि तार सोव्हिएतच्या हाती आहेत आणि ती चालू देईल तोवरच सरकार आहे.

म्हणजे जबाबदारी एकाकडे आणि बळ दुसऱ्याकडे. रशियन राजकारणात याला दुहेरी सत्ता असे नाव पडले.

सरकारने काही केलेच नाही असे मात्र नाही. भाषण, मुद्रण, सभा यांचे स्वातंत्र्य आले. राजकीय कैदी सुटले, धर्म आणि जात यांवरून असलेली बंधने गेली आणि फाशीची शिक्षा रद्द झाली. जुलैच्या निवडणूक कायद्याने स्त्रियांनाही मताचा हक्क दिला, जो तेव्हा ब्रिटन-फ्रान्समध्ये नव्हता. मात्र मोडण्याचे काम जितके झपाट्याने झाले तितके उभारण्याचे झाले नाही. झारचे पोलीस दल गेले आणि त्याजागी अनुभव नसलेली नागरी पथके आली. प्रांतांचे गव्हर्नर एका तारेने घरी बसवले गेले. त्यांच्या जागी नेमलेल्या प्रांतिक मंडळांच्या अध्यक्षांना गावात कोणी विचारत नव्हते, कारण ते बहुधा जमीनदारच असत. राजकीय कैद्यांबरोबर सराईत चोरही तुरुंगातून सुटले. पेट्रोग्राडचे लोक त्यांना ‘केरेन्स्कीची पिल्ले’ म्हणत.

सगळ्यात मोठी अडचण सरकारने स्वतःसाठी घालून घेतली होती. आपल्याला कोणी निवडून दिलेले नाही, तेव्हा देशाचे मूलभूत प्रश्न सोडवायचा अधिकार आपल्याला नाही, तो संविधान सभेचा, अशी मंत्र्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्यात कायदेपंडित पुष्कळ होते आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे चुकतही नव्हते. पण लोकांना हवे होते ते नेमके हेच मूलभूत प्रश्न. जमीन, फिनलंड-युक्रेनची स्वायत्तता, राज्याचे स्वरूप, सगळे सभेवर ढकलले गेले. आणि सभा? तिच्या निवडणुकीचा कायदा लिहिणाऱ्या मंडळाची पहिली बैठकच २५ मे रोजी भरली. मताधिकाराचे वय, सैनिकांचे मतदान, प्रमाणशीर प्रतिनिधित्व यांवर ते तासन्‌तास खल करत राहिले, कारण कायदा जगात आदर्श व्हायला हवा होता. जूनमध्ये मतदानाची तारीख १७ सप्टेंबर ठरली. ऑगस्टमध्ये ती १२ नोव्हेंबरवर गेली. सरकार पडले ते या तारखेच्या अठरा दिवस आधी.

जमिनीच्या बाबतीत ही चालढकल सर्वांत महाग पडली. रशियात दहांतले आठ लोक शेतीवर जगत आणि जमीनदाराची जमीन कसणाऱ्याची, हा न्याय त्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या पक्का होता. सरकारने जमीन समित्या नेमल्या. त्यांचे काम माहिती गोळा करण्याचे होते, वाटपाचे नव्हे. गावकऱ्यांनी त्याच समित्या ताब्यात घेतल्या. आधी जमीनदाराच्या कुरणात गुरे सोडली, मग त्याच्या जंगलातली लाकडे तोडली, मग नांगर घातला आणि शरद ऋतूपर्यंत वाडे जळू लागले. मे महिन्यात शेतकऱ्यांच्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा नेता चेर्नोव शेतीमंत्री झाला, तरी त्याचा जमीन-व्यवहार रोखण्याचा साधा कायदासुद्धा मंत्रिमंडळात भिजत पडला. खंदकांतले शिपाई बहुतेक याच गावांतले होते. वाटप चालू झाल्याचे पत्र घरून आले की बंदूक टाकून परतीची गाडी पकडणारे वाढले.

एका प्रश्नावर मात्र सरकारला थांबता येत नव्हते आणि तो होता युद्धाचा. ब्रिटन-फ्रान्सच्या कर्जावर देश चालला होता, आणि जर्मनीशी वेगळा तह म्हणजे विश्वासघात असे मंत्र्यांना वाटे. सोव्हिएतला युद्ध फक्त बचावापुरते हवे होते. मिल्युकोवने १८ एप्रिलला मित्रराष्ट्रांना पत्र पाठवून निर्णायक विजयापर्यंत लढण्याचे वचन दिले. पत्र छापून येताच निदर्शने उसळली. मिल्युकोव आणि गुच्कोव दोघेही गेले आणि ५ मे रोजी सहा समाजवादी मंत्री घेऊन पहिले संमिश्र मंत्रिमंडळ बनले. आजवर बाहेरून टीका करणारे पक्ष आता सरकारच्या प्रत्येक अपयशाचे वाटेकरी झाले. बाहेर उरला फक्त एक संघटित पक्ष, बोल्शेविकांचा. त्याचा नेता लेनिन ३ एप्रिललाच स्वित्झर्लंडहून येऊन पोचला होता आणि या सरकारला कसलाही पाठिंबा नको, असे पहिल्या दिवसापासून सांगत होता. जूनच्या सोव्हिएत अधिवेशनात आठशेवर प्रतिनिधींमध्ये बोल्शेविक होते एकशे पाच.

युद्धमंत्री झालेल्या केरेन्स्कीने आघाडीवर भाषणांचा सपाटा लावला आणि १८ जूनला मोठी चढाई सुरू केली. दोन आठवड्यांत तिचा पराभव झाला आणि त्याचबरोबर सैन्यही खिळखिळे झाले. युक्रेनला काही स्वायत्तता देण्याच्या करारावरून कॅडेट पक्षाच्या (म्हणजे संविधानवादी उदारमतवाद्यांच्या) मंत्र्यांनी राजीनामे दिले. जुलैच्या आरंभी सशस्त्र शिपाई, कामगार आणि क्रोनश्टाट नौदल तळाचे खलाशी तावरीचेस्की राजवाड्याला भिडले. त्यांची मागणी सोव्हिएतने सत्ता घ्यावी अशी होती, आणि सोव्हिएतला ती नको होती. समजूत घालायला आलेल्या चेर्नोववर एकाने मूठ उगारली : देतो आहोत तर घे की सत्ता! जमावाने त्याला मोटारीत कोंबले. डावा पुढारी ट्रॉट्स्की याने मध्ये पडून त्याला सोडवले. उठाव विझला, लेनिन भूमिगत झाला, ल्वोव थकून बाजूला झाला आणि केरेन्स्की पंतप्रधान बनला.

पुढचा घाव उजवीकडून आला. नवा सरसेनापती कोर्निलोव कडक शिस्तीचा माणूस होता. सोव्हिएतांचा बंदोबस्त केल्याशिवाय देश सावरणार नाही, हे मत तो लपवत नसे. केरेन्स्कीलाही शिस्त हवी होती, मात्र आपल्या हाताखालची. दोघांमध्ये व्लादिमीर ल्वोव नावाचा एक माजी मंत्री (माजी पंतप्रधान ल्वोव वेगळा) मध्यस्थ म्हणून घुसला आणि दोघांनाही अर्धवट निरोप देत राहिला. २६ ऑगस्टच्या संध्याकाळी केरेन्स्की तारयंत्रावर कोर्निलोवशी बोलायला बसला. मध्यस्थाला यायला उशीर झाला, तर केरेन्स्कीने तो शेजारीच असल्याचे भासवून त्याच्या नावानेही प्रश्न टाकले. मध्यस्थाने मला सांगितले ते खरे ना, असे त्याने विचारले. काय सांगितले हे विचारल्याशिवाय कोर्निलोवने होकार दिला. यंत्रातून निघालेली ती कागदी फीत केरेन्स्कीने बंडाचा पुरावा म्हणून मंत्रिमंडळापुढे ठेवली आणि सरसेनापतीला काढून टाकले. काढल्यावर मात्र कोर्निलोवने खरोखरच बंड पुकारले. एवढ्या मोठ्या देशाचे भवितव्य अशा पोरकट चलाखीवर ठरावे, हे चमत्कारिक आहे.

बंड लढाईशिवाय संपले. रेल्वे कामगारांनी रूळ उखडले, कोर्निलोवच्या फौजेच्या गाड्या भलत्या मार्गांवर नेल्या आणि कार्यकर्ते डब्यांत शिरून शिपायांशी बोलले. पण राजधानी वाचवण्यासाठी कामगारांना बंदुका वाटल्या गेल्या होत्या आणि त्या परत आल्या नाहीत. अधिकारीवर्गाने केरेन्स्कीला दगाबाज ठरवले, तर डाव्यांना तो कोर्निलोवचा साथीदार वाटला. महिनाभरात पेट्रोग्राड आणि मॉस्को या दोन्ही सोव्हिएतांत बोल्शेविकांचे बहुमत झाले. १ सप्टेंबरला रशिया प्रजासत्ताक असल्याचे जाहीर झाले. सहा महिने जो निर्णय संविधान सभेचा म्हणून राखून ठेवला होता, तो असा घाईघाईत उरकला गेला. नोटांची छपाई इतकी वाढली, की ‘केरेन्की’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वीस आणि चाळीस रूबलच्या चिटुकल्या नोटांवर क्रमांक नसत, सही नसे. न कापलेले ताव तसेच बाजारात येत आणि लोक हवे तेवढे तुकडे कात्रीने कापून देत.

ऑक्टोबरात सरकार पाडणे हे जवळपास औपचारिक काम उरले होते. २५ तारखेच्या सकाळी केरेन्स्की फौज आणायला मोटारीने शहराबाहेर गेला आणि त्या रात्री हिवाळी राजवाड्यात उरलेल्या मंत्र्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी लेनिनने शांततेचा आणि जमिनीचा असे दोन हुकूम मंजूर करून घेतले. जमिनीच्या हुकुमाला बोल्शेविकांनी शेतकऱ्यांच्या मागण्यांचे संकलन जोडले होते आणि ते समाजवादी क्रांतिकारकांच्या वर्तमानपत्रातून घेतलेले होते. या नव्या सरकारनेही स्वतःला हंगामीच म्हटले होते, संविधान सभा भरेपर्यंतचे.

निवडणूक ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात झाली. पहिला क्रमांक चेर्नोवच्या पक्षाचा आला. बोल्शेविकांना सुमारे चौथा हिस्सा मते मिळाली, मात्र राजधानी, मॉस्को आणि जवळच्या आघाड्यांवर तेच पुढे होते. ५ जानेवारी १९१८ रोजी सभा तावरीचेस्की राजवाड्यात भरली. चेर्नोव अध्यक्ष निवडला गेला. पहाटे पहारेकऱ्यांच्या नायकाने येऊन त्याला सांगितले, की शिपाई थकले आहेत, आता आटपा. प्रेक्षकांच्या सज्जात सशस्त्र खलाशी ओरडत असताना चेर्नोवने जमीन कायद्याची कलमे भराभर वाचली आणि मतास टाकली. जमीनदारी संपवणारा तो कायदा काही मिनिटांत संमत झाला. ६ जानेवारीला सोव्हिएत सरकारने सभा बरखास्त केली.