शिडाचा दोर आणि खलाशाचा हात

२ ऑक्टोबर २०२४ रोजी नौदलाच्या दोन अधिकारी, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए., ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी सुखरूप परतल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक सर्वांनी केले. डॉक्टरच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न येतो. जवळजवळ आठ महिने या चार हातांनी किती दोर ओढला आणि सोडला असेल?

मुख्य शिडाच्या खालच्या कडेला आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. बूम ज्या दोराने आत ओढायचा वा बाहेर सोडायचा, तो दोर म्हणजे मेनशीट. वारा पडला की ओढा, झोत आला की सोडा. लहान होडीत हे काम अखंड चालते, कारण दोर वेळेवर सुटला नाही तर होडी कलंडते.

नवखा माणूस इथेच चुकतो. दोर निसटू नये म्हणून तो हाताला गुंडाळून घेतो. झोत येताच वेढा आवळतो, मग सोडू म्हटले तरी सुटत नाही. बोटे चिरडतात. अंगठी असेल तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघू शकते. समुद्र न पाहिलेल्यांनीही हे लक्षात घ्यावे. बैलाचे दावे मनगटाला गुंडाळून बाजारातून निघालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. ट्रकच्या हॉर्नने बैल उधळला आणि उजव्या हाताचे मधले बोट कायमचे अधू झाले.

जाणता खलाशी दोर नुसत्या मुठीत धरतो. लहान होडीत कप्प्या बराच भार घेतात. मोठ्या नौकेत विंच नावाच्या फिरत्या पिंपावर वेढे देतात. वेढे पिंपाला द्यायचे, हाताला नव्हे! ओढताना पाय रोवावेत, पाठ ताठ ठेवावी आणि श्वास रोखू नये. श्वास रोखून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो. पकडीचे स्नायू बोटांत नसून बरेचसे कोपराखाली असतात, म्हणून दिवसभर दोर ओढणाऱ्याचे कोपर ठणकते.

दुसरी इजा भाजण्याची. नायलॉनचा दोर मुठीतून सरसर धावला की घर्षणाने तळहात भाजतो. पाण्यात भिजून मऊ झालेली कातडी तर लवकर सोलते. हातमोजे उपयोगी पडतात. भाजल्यास साध्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे हात धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई (हो, शाई लावून आलेलेही पाहिले आहेत) काही लावू नये. फोड फोडू नये. सूज चढण्याआधी अंगठी काढावी. जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिक पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लावू नये, त्याने पेशी मरतात. बोट जोडण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे हे फोनवर विचारून सरळ तिकडेच निघावे.