गाणी तारण ठेवणारा गायक

कर्जाचा अर्ज समोर आला की बँकेत पहिला प्रश्न असतो, ‘तारण काय?’ घर, सोने, गोदामातला माल. माझ्या साऱ्या नोकरीत गाणी तारण ठेवायला कुणी आले नाही. डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाने मात्र १९९७ साली नेमके तेच केले.

हकीकत अशी. मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे ‘मास्टर’, ज्याच्या मालकीचे, त्याच्याकडे त्या तबकडीच्या कमाईची किल्ली. उमेदीच्या दिवसांत गायक ही मालकी बहुधा कंपनीला लिहून देतात. काम मिळतेय म्हटल्यावर करारातली बारीक अक्षरे कोण वाचतो? बोवीच्या बाबतीत वाटेकरी होता त्याचा व्यवस्थापक टोनी डीफ्रीज. १९७५ मध्ये दोघांचे फाटले, पण जुन्या गाण्यांतला डीफ्रीजचा हिस्सा कायम राहिला. स्वतःच्याच आवाजात परक्याची भागी!

ती सोडवायला रोकड हवी. बोवीने १९९० पूर्वीच्या २५ अल्बमांच्या येणाऱ्या रॉयल्टीवर रोखे काढले. रक्कम ५.५ कोटी डॉलर, व्याज ७.९ टक्के. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने सगळे घेतले आणि त्यातल्या काही पैशांतून डीफ्रीजचा हिस्सा सुटला. आपल्याकडच्या पीककर्जासारखेच हे. जमीन सोडवायची, तीही तिच्याच पुढच्या पिकाच्या भरवशावर.

पण पाऊस दगा देतोच. इंटरनेटवर गाणी फुकट मिळू लागली, तबकड्यांचा खप घसरला. २००४ मध्ये मूडीजने या रोख्यांचे मानांकन रद्दी रोख्यांच्या जेमतेम एक पायरी वर आणून ठेवले. मी कर्ज मंजूर करणारा असतो, तर माझी झोप उडाली असती. हप्ते मात्र चुकले नाहीत. २००७ मध्ये रोखे फिटले, गाणी मोकळी झाली.

टेलर स्विफ्टची वाट वेगळी. तिच्या पहिल्या ६ अल्बमांची मास्टर्स २०१९ मध्ये कंपनीबरोबरच दुसऱ्याच्या हाती गेली. तिने त्यांतले ४ अल्बम २०२१ ते २०२३ दरम्यान सरळ पुन्हा गायले, चाहत्यांनी नवेच उचलले, आणि २०२५ मध्ये तिने मूळ मास्टर्सही विकत घेतली.

आपल्याकडे लतादीदींनी साठच्या दशकात गायकांसाठी रॉयल्टी मागितली, तेव्हा रफीसाहेबांशी मतभेद होऊन दोघांचे एकत्र गाणे काही वर्षे थांबले. रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला २०१२ च्या दुरुस्तीने. जुन्या चित्रपटगीतांचा सातबारा मात्र बहुतेक कंपन्यांच्याच नावे आहे.