तुरट पानं आणि सळईचा गंज

समुद्राजवळच्या एखाद्या जुन्या इमारतीत गेलात, तर जरा मान वर करून छत बघा. कुठंतरी पोपडा सुटलेला असतो आणि आतून तांबूस, फुगलेली सळई डोकावत असते. मोठी माणसं म्हणतात, "पाणी मुरलंय." मुरलंय खरं, पण खरा चोर त्या पाण्याच्या पाठीवर बसून आलेला असतो. तो म्हणजे मीठ!

एरवी काँक्रीटच्या पोटात सळई मजेत असते. सिमेंट चांगलंच अल्कधर्मी, सामू १३ च्या आसपास. अशा ठिकाणी दुधावर साय धरावी तसा लोखंडावर आपोआप एक पापुद्रा धरतो. तो किती पातळ? तुमच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करा, त्यातल्या एखाद्या भागाएवढा! पण तेवढ्यावर सळई वर्षानुवर्षं टिकते. मिठातलं क्लोराइड मात्र काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू आत सरकतं आणि नेमका हाच पापुद्रा फोडतं. मग गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा लागते. आत तेवढी जागा आणायची कुठून? शेवटी काँक्रीटच तडकतं.

यावर एक उपाय आहे. काँक्रीट कालवतानाच त्यात कॅल्शियम नायट्राइट घालतात. काम चोख, पण पदार्थ विषारी. म्हणून शास्त्रज्ञ झाडपाल्याकडे वळले. मलेशियात बांबूच्या पानांचा अर्क काढून पाहिला, नायजेरियात खारफुटीचा. आपला कडुनिंबही सुटला नाही.

आता झाडाला लोखंडाशी काय देणंघेणं? काहीच नाही! झाडाला फक्त किड्यांनी आणि गुरांनी आपली पानं खाऊ नयेत एवढंच हवं असतं. म्हणून बरीच झाडं पानांत, सालीत टॅनिन साठवतात. हिरडा चघळला की तोंड कसं कोरडं पडतं? टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून. तीच पकड लोखंडावरही चालते.

घरी बघायचंय? काचेच्या पेल्यात कडक कोरा चहा घ्या, साखर-दूध नको. त्यात एक गंजका खिळा टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चहा शाईसारखा काळा झालेला असेल. चहातलं टॅनिन आणि लोखंड यांची जोडी जमली की हा निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी शाई याच जोडीतून बनायची. (तो चहा प्यायचा नाही, हे सांगायला नकोच!) पानांच्या अर्कात टॅनिनसोबत आणखीही बरेच रेणू असतात. त्यांच्यातले ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे अणू धातूला चिकटतात, मग तिथं क्लोराइडला शिरायला वाव कमी मिळतो.

मग सगळ्या पुलांत कडुनिंबाचा काढा का ओतत नाहीत? कारण पानांत साखरही असते, आणि साखर ही सिमेंटची मोठी वैरीण. सिमेंट मिक्सरचा ट्रक वाटेत बंद पडला, तर माल आत दगड होऊ नये म्हणून त्यात साखर टाकतात. इतकी ती सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. त्यात पुन्हा पावसाळ्यातलं पान वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं. इंजिनिअरला मात्र प्रत्येक पोत्यामागे तोच गुण हवा. शिवाय प्रयोगशाळेतले तुकडे काही महिने मिठाच्या पाण्यात बुडवून तपासता येतात, पूल मात्र पन्नास-शंभर वर्षं उभा राहायचा असतो.