डिस्कोच्या ठेक्यामागे झाशीचे शब्द : ऐंशीच्या दशकातील पॉपगीते आणि पडद्याआडचा गीतकार

झाशी : पुण्या-मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी झाशी स्थानकात शिरली की मराठी प्रवासी खिडकीतून किल्ला शोधू लागतो. या शहराशी मराठी मनाचे नाते राणी लक्ष्मीबाईंचे आणि नेवाळकर घराण्याचे आहे, आणि त्यापुढे झाशीची फारशी ओळख आपण करून घेतलेली नाही. ज्या गाण्यावर ऐंशीच्या दशकातील तरुणाईने प्रथम डिस्कोचा ठेका धरला, त्याचे शब्द याच जिल्ह्यातील एका कवीचे होते, हे म्हणूनच अनेकांना ठाऊक नसते. ते गाणे म्हणजे १९८० साली प्रदर्शित झालेल्या 'कुर्बानी' चित्रपटातील 'आप जैसा कोई' आणि ते कवी म्हणजे इंदीवर.

झाशीहून मऊरानीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बरुआसागर हे गाव लागते. जुना विस्तीर्ण तलाव, त्याच्या काठावरचा किल्ला आणि आल्याची शेती ही या गावाची ओळख. अठराव्या शतकात मराठे आणि बुंदेले यांच्यातील संघर्षही या परिसराने पाहिला. १९२४ साली जन्मलेले श्यामलाल बाबू राय हे याच बरुआसागरचे सुपुत्र. पुढे मुंबईच्या चित्रसृष्टीत ते इंदीवर या टोपणनावाने ओळखले गेले. संस्कृतात 'इंदीवर' म्हणजे निळे कमळ.

छप्पन्न वर्षांचा कवी, पंधरा वर्षांची गायिका

'आप जैसा कोई'ची जन्मकथा त्या काळच्या बदलत्या जगाचे चित्रच आहे. 'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजी यांनी संगीतबद्ध केली होती. या एका गाण्यासाठी मात्र निर्माता-दिग्दर्शक फिरोज खान यांनी लंडनस्थित बिद्दू यांना पाचारण केले. बंगळुरूत वाढलेल्या बिद्दूंनी १९७४ मध्ये कार्ल डग्लसच्या 'कुंग फू फायटिंग' या गाण्याची निर्मिती करून पाश्चात्त्य जगात नाव कमावले होते. गायिका होती नाझिया हसन. १९६५ साली कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये शिकत असलेली ही मुलगी तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. पडद्यावर झीनत अमान होत्या आणि शब्द होते वयाची छप्पन्न वर्षे गाठलेल्या इंदीवर यांचे.

या गीतासाठी नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लगोलग १९८१ मध्ये बिद्दूंनी नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा 'डिस्को दीवाने' हा गीतसंग्रह आणला. चित्रपटाच्या आधाराशिवायही पॉपगीते भारतीय उपखंडात घरोघरी पोहोचू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

एक विसंगती येथे ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत तोवर डिस्कोविरोधी लाट उसळली होती. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या एका मैदानावर डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे उडवून देण्यात आल्या होत्या. तिकडे ओहोटी लागलेल्या या संगीताला भारतात मात्र त्याच सुमारास भरती आली.

ठेका बदलला, शब्दांचे काम बदलले

इंदीवर यांचा पिंड डिस्कोचा नव्हता. १९५१ च्या 'मल्हार'पासून त्यांचे नाव झाले. 'उपकार' (१९६७) मधील 'कसमें वादे', 'सरस्वतीचंद्र' (१९६८) मधील 'चंदन सा बदन', 'सफर' (१९७०) मधील गीते हा त्यांचा वारसा. १९७५ च्या 'अमानुष'मधील गीताने त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळवून दिला. संस्कृतप्रचुर हिंदी, लांब ओळी आणि ओळीच्या अखेरीस उलगडणारा अर्थ हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

डिस्कोमध्ये या गोष्टींना फारसा वाव नसतो. ठोक्यांची गती मिनिटाला साधारण १२० च्या घरात असते आणि प्रत्येक ठोका सारख्याच जोराने पडतो. ढोलक किंवा तबल्याच्या ठेक्यात शब्दाला विसावायला जागा मिळते, येथे तशी मिळत नाही. त्यामुळे शब्द छोटे हवेत, त्यांतील स्वर मोकळे हवेत आणि एकदा ऐकताच ओळ तोंडात बसायला हवी. 'आप जैसा कोई' हे तीन शब्द याच कसोटीवर पाहावेत. त्यांत एकही जोडाक्षर नाही, आणि आरंभीचा 'आ' गायिकेला आवाज सोडायला मोकळे मैदान देतो. विशेष म्हणजे, पाश्चात्त्य ठेक्यावर नाचणारी ही नायिका प्रियकराला 'तू' म्हणत नाही, 'आप' म्हणते. उत्तरेकडच्या बोलण्यातली ही अदब गीतकाराने डिस्कोच्या दिव्यांखालीही सोडली नाही.

यानंतरचा प्रवास सर्वांनाच रुचला असे नाही. बप्पी लाहिरी यांच्या संगीतासाठी इंदीवर यांनी 'हिम्मतवाला' (१९८३) आणि 'तोहफा' (१९८४) या चित्रपटांची गीते लिहिली. जितेंद्र-श्रीदेवी यांची नृत्ये आणि रचून ठेवलेल्या घागरी यांसह ती गाणी देशभर वाजली. 'चंदन सा बदन' लिहिणाऱ्या कवीने असे का लिहावे, असा प्रश्न रसिकांना पडला, आणि तो अगदीच गैर नव्हता. मात्र त्याच काळात, १९८१ च्या 'प्रेम गीत'साठी, जगजीत सिंग यांच्या आवाजात अजरामर झालेले 'होठों से छू लो तुम' हे गीतही याच लेखणीतून उतरले होते, याचा विसर पडू नये. चित्रपटगीत हे मागणीनुसार करायचे काम आहे आणि त्या दशकात मागणीच बदलली होती.

टू-इन-वन आणि पेन्सिल

ही मागणी बदलण्यामागे एका यंत्राचा मोठा हात होता. सत्तरच्या दशकापर्यंत घरात गाणे ऐकायचे म्हणजे रेडिओ किंवा महागडा ग्रामोफोन. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर आणि 'टू-इन-वन' मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. कॅसेट काढणे स्वस्त असल्याने नव्या कंपन्या पुढे आल्या. दूरदर्शनवर 'चित्रहार' होते, मुंबई केंद्रावर 'छायागीत' होते आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने पडद्यावर रंगही आले. गाणे ऐकण्याबरोबरच पाहण्याचीही गोष्ट झाली. गुंतलेले रीळ पेन्सिल घालून गुंडाळत बसलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. तिच्या स्मरणरंजनाचा मोठा भाग या गाण्यांनीच व्यापलेला आहे.

नाव कुठे हरवले?

या स्मरणरंजनात गीतकार मात्र दिसत नाही. विविध भारतीचे निवेदक गाण्याआधी गायक आणि संगीतकाराबरोबर गीतकाराचेही नाव आवर्जून घेत. कॅसेटच्या वेष्टनावर नायक-नायिकेच्या छायाचित्रांनी जागा घेतली आणि गीतकार बारीक अक्षरांत गेला. आजच्या मोबाइल अ‍ॅपवर तर त्याचे नाव शोधण्यासाठी अनेकदा दोन-तीन वेळा बोट फिरवावे लागते.

हा प्रश्न केवळ मानसन्मानाचा नाही, त्याला पैशाचीही बाजू आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, निर्मात्याने मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीताची मालकी, वेगळा करार नसल्यास, निर्मात्याकडेच जात असे. 'कुर्बानी'ची गाणी तयार झाली ती याच व्यवस्थेत. २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा वापर झाल्यास गीतकार आणि संगीतकाराला स्वामित्वधनाचा समान वाटा मिळावा आणि हा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. हा हक्क फक्त कायदेशीर वारसांना किंवा स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. राज्यसभेत या दुरुस्तीचा हिरिरीने पाठपुरावा करणारे जावेद अख्तर स्वतः गीतकार होते. जुन्या गाण्यांना ही तरतूद कितपत लागू करावी, याविषयी मात्र कायदेतज्ज्ञांत मतभेद आहेत.

कायद्यानुसार गीताच्या शब्दांवरील हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. इंदीवर यांचे निधन २७ फेब्रुवारी १९९७ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०५७ अखेरपर्यंत जिवंत आहे. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने १९८० च्या मुद्रणाची मुदत मात्र २०४० अखेर संपेल. या तारखा कोरड्या वाटतील; पण 'आप जैसा कोई' २०२२ मध्ये 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो' या चित्रपटात पुन्हा नव्याने अवतरले, हे पाहिले की त्यांचे मोल कळते. जुनी गाणी अजूनही कमावतात.

नाझिया हसन ऑगस्ट २००० मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेली. बप्पीदांनी २०२२ मध्ये निरोप घेतला. त्यांची छायाचित्रे आणि आवाज लोकांच्या स्मरणात आहेत. गीतकाराच्या वाट्याला मात्र फक्त नाव येते, आणि तेही कोणी उच्चारले तरच. झाशीला गेल्यावर मराठी माणूस किल्ल्यासमोर नतमस्तक होतोच. जमल्यास थोडे पुढे बरुआसागरच्या तलावापर्यंतही जावे आणि ज्या शब्दांवर आपण तरुणपणी नाचलो, त्यांच्या धन्याचे नाव तेथे एकदा मोठ्याने घ्यावे.